चूंऽऽ... खर्रर्र... खट्! : नव्या ब्रेक पॅडच्या आवाजाचं निदान

"काहून बे, पॅड नवे टाकले ना? मंग गाडी काहून रडून राह्यली?"

बाबांचा हा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत धामणगावच्या घरी, अंगणात, मी आणि माझा मावसभाऊ अशा दोन होऊ घातलेल्या इंजिनिअरांनी घरच्या जुन्या हॅचबॅकचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. तोवर माझा ब्रेकशी संबंध 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पेपरपुरता होता. पॅड बसले, चाकं बसली, आईने चहा दिला. ऐटीत स्टेशनकडे चक्कर मारायला निघालो, तर पहिल्याच वळणाच्या पुढे डाव्या चाकातून सुरू झालं: चूंऽ चूंऽ चूंऽ. टपरीवरची माणसं माना वळवून पाहू लागली.

हसण्यावारी नेलं असतं, पण चार दिवसांनी आजीला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यायचं होतं. आणि बाबांचा बेत समृद्धी महामार्गाने जायचा होता. म्हणजे प्रश्न असा: हा आवाज नव्या पॅडचे लाड आहेत, की धोक्याची घंटा?

गल्लीतून तीन सल्ले फुकट मिळाले. एक, "नवे पॅड आवाज करतेच, दोनशे किलोमीटर चालले की बंद." दोन, "पॅडले जरासं ग्रीस लावून द्या." तीन, "लोकल माल घेतला असन." मित्रांनो, यातला पहिला सल्ला अर्धा खरा आहे, तिसरा सोयीचा आहे आणि दुसरा जीव घेणारा आहे. कसा, ते पुढे येईलच.

आवाज मुळात होतो कसा?

आपल्या वर्गातला खडू आठवा. नवा, लांब खडू फळ्यावर जरा तिरपा धरला की अंगावर काटा आणणारा आवाज येतो. सर काय करतात? खडूचे दोन तुकडे करतात, आवाज बंद! फळा तोच, खडू तोच, हातही तोच. बदलली ती फक्त खडूची लांबी, म्हणजेच त्याची नैसर्गिक कंपनसंख्या.

दोन पृष्ठभाग घासताना स्थिर घर्षण हे चल घर्षणापेक्षा जास्त असतं. त्यामुळे खडू सरळ घसरत नाही. तो चिकटतो, ताणतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा हे घडलं की त्याचा आवाज होतो. दाराची बिजागरी आणि सारंगीचा गज याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच की सारंगीला आपण बिदागी देतो.

ब्रेकमध्ये खडूच्या जागी पॅड आणि फळ्याच्या जागी बिडाची डिस्क. गाडीवरून काढलेली डिस्क बोटावर टांगून पान्याने हलकेच ठोका, देवळातल्या घंटेसारखी वाजते. म्हणजे घंटा चाकात आधीच बसवलेली आहे, पॅड फक्त ती वाजवतो. घासण्याची कंपनं डिस्कच्या किंवा पॅडच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी जुळली की ती वाढत जातात. साधारण १००० हर्ट्झच्या वरचा आवाज कानाला किंचाळी वाटतो, काहीशे हर्ट्झच्या खालचा घुमल्यासारखा वाटतो.

हे दुखणं डिस्क ब्रेकला जन्मापासूनचं आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात तांब्याचं अस्तर धातूच्या डिस्कवर घासायचं आणि असा कर्कश आवाज व्हायचा की विचारू नका. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसच्या अस्तराची कल्पना काढली आणि किंचाळी आटोक्यात आली. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसांचे आजार आणि कॅन्सर होतो हे कळलं. म्हणून आजही ब्रेकमधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी, नाकाला रुमाल बांधावा. स्वस्त पॅडमध्ये काय काय कालवलेलं आहे, ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

जुने पॅड गप्प, नवेच का बोलतात?

याला चार कारणं आहेत.

पहिलं, जुन्या डिस्कवर बारीक चरे पडलेले असतात आणि कडेला उंचवटा आलेला असतो. जुना पॅड त्या चऱ्यांशी जुळून झिजलेला असतो. नवा पॅड सपाट असतो, तो थोड्याच जागी टेकतो.

दुसरं, चांगल्या ब्रेकमध्ये पॅडच्या मालाचा एक पातळ थर डिस्कवर बसलेला असतो. नव्या पॅडचा थर अजून बसायचा असतो. तो बसेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, हलका चूं आवाज येऊ शकतो. पहिला सल्ला अर्धा खरा म्हटलं, तो एवढ्यापुरता.

तिसरं, पॅडच्या पाठीमागे शिम नावाची पातळ पट्टी असते आणि कडेला स्प्रिंगच्या क्लिपा असतात. शिम कंपनं शोषून घेते, क्लिप पॅडला हलू देत नाही. घाईत या वस्तू डब्यातच राहतात. (आमच्याही राहिल्या होत्या. "एक्स्ट्रा दिल्या असतील" असं म्हणून भावाने त्या खिशात टाकल्या!)

चौथं, कॅलिपरमध्ये आधीपासूनच बिघाड असतो. जुन्या पॅडने तो निभावून नेलेला असतो, नव्या जाड पॅडला जागा पुरत नाही आणि बिघाड उघड होतो. नेमकं हेच कारण लोक तपासत नाहीत.

आधी कान, मग पाना

चाक खोलायच्या आधी गाडी चालवून पाच प्रश्न विचारायचे.

१) ब्रेक दाबल्यावर आवाज येतो, की न दाबताच?
२) ब्रेक दाबला की आवाज वाढतो, की थांबतो?
३) वेगाबरोबर त्याची गती वाढते का?
४) सकाळी पहिल्यांदाच येतो, की गाडी तापल्यावर?
५) कोणत्या चाकातून येतो?

पाचव्यासाठी एक सोपी युक्ती. काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंड वॉलच्या अगदी जवळून हळू जायचं. भिंतीवरून आवाज परत येतो आणि भिंतीकडच्या बाजूचं चाक स्पष्ट ऐकू येतं. परत येताना दुसरी बाजू भिंतीकडे येते. गाडी एकाने चालवावी आणि कान दुसऱ्याने लावावा.

तिसऱ्या प्रश्नासाठी आपलं गणित. आमच्या गाडीच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साधारण तीन फेरे घेतं. आमचा चूं सेकंदाला तीनदा येत होता. याचा अर्थ चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. तेव्हा दोष इंजिनात किंवा बेल्टमध्ये नाही, चाकाबरोबर फिरणाऱ्या भागाला काहीतरी घासतंय.

आवाजाची बाराखडी

ही यादी वहीत उतरवून घ्यायला हरकत नाही.

*चूंऽऽ, फक्त हलका ब्रेक दाबल्यावर:* बहुतेक वेळा पॅड अजून बसलेले नसतात किंवा शिम राहिलेली असते. ब्रेक नीट लागत असतील तर घाबरायचं कारण नाही. तीनशे किलोमीटरनंतरही येत असेल तर खोलून पाहा.

*चूंऽऽ, ब्रेक न दाबता, आणि दाबल्यावर कमी:* पॅड डिस्कला चिकटून राहतोय किंवा झीज दाखवणारी पत्री घासतेय. ही पत्री मुद्दाम लावलेली असते. पॅड दोन-तीन मिलीमीटर उरला की ती डिस्कला टेकून किंचाळते. नव्या पॅडवर ती टेकलीच नाही पाहिजे. टेकत असेल तर आतला पॅड बाहेर, डावा उजवीकडे किंवा उलटा बसलाय, किंवा बसवताना पत्री वाकली आहे.

*सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर, मग बंद:* रात्रीच्या पावसाने किंवा गाडी धुतल्याने डिस्कवर आलेला गंज. आपोआप पुसला जातो.

*सतत पत्रा घासल्यासारखी किरकिर:* डिस्कमागचं पातळ पत्र्याचं झाकण हात लागून वाकलेलं असतं. नाहीतर खडा अडकलेला असतो. आपल्याकडच्या गिट्टीच्या रस्त्यांवर हा पाहुणा नेहमीचा.

*खड्ड्यात खडखड, ब्रेक दाबला की गप्प:* क्लिप राहिली किंवा सैल आहे.

*रिव्हर्स घेऊन पुढे जाताना पहिल्या ब्रेकला एकच 'खट्':* पॅड आपल्या खाचेत सरकतोय. क्लिप तपासा. पण त्याआधी कॅलिपरचे बोल्ट तपासा. बोल्ट सैल असेल तर तो 'खट्' उद्या 'खटॅक्' होईल आणि कॅलिपर चाकात अडकेल.

*धडधड आणि पेडल पायाखाली उड्या मारतं:* डिस्क सगळीकडे सारखी जाड नाही किंवा डोलतेय. कधी कधी हबवर साचलेल्या गंजामुळे किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळल्यामुळेही असं होतं.

*खर्रर्र, लोखंडावर लोखंड:* गाडी तिथेच थांबवा. 'घरापर्यंत जाऊ' हा विचारसुद्धा नको.

आमच्या चाकाचा तपास

आमचं लक्षण दुसऱ्या प्रकारचं. डाव्या चाकातून, न दाबता येणारं, दाबल्यावर कमी होणारं. पाच किलोमीटर गाडी चालवली, ब्रेक फारसा न वापरता आणली आणि तळहाताची पाठ चाकाजवळ नेली. (डिस्कला हात लावायचा नाही. कातडी तिथेच राहील!) उजवं चाक कोमट होतं, डाव्यातून धग येत होती आणि जळकट वास येत होता. जॅकवर घेऊन फिरवलं, तर उजवं बोटाने फिरत होतं आणि डाव्याला दोन्ही हात लावावे लागत होते.

इथवर आम्ही पोचलो होतो, पण 'का' ते कळेना. शेवटी दत्तापुरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. मला वाटलं, येऊन ते आधी चाक पाहतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"जुने पॅड कुठी हायेत? फेकले असतीन त आणा उकरून."

पॅड उकिरड्यावर जायच्या बेतातच होते. त्यांनी चारही पॅड ओळीने ओट्यावर मांडले आणि म्हणाले, "आता वाच. थे सांगतेत सारं."

मी व्हर्नियर लावला. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड पाच मिलीमीटरच्या आसपास. डाव्या चाकाचा बाहेरचा सहा, आतला तीन! आणि तो तीनचा पॅडसुद्धा एका टोकाला जास्त झिजलेला. अख्खं निदान त्या चार तुकड्यांवर लिहिलेलं होतं, आणि आम्ही ते कचऱ्यात टाकणार होतो.

त्याचा अर्थ असा. आपल्या छोट्या गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटाच राबतो आणि लवकर झिजतो. दोनपैकी एकच पिन अडकली तर कॅलिपर तिरपा होतो आणि पॅड तिरपा झिजतो. ब्रेक सोडल्यावरही पॅड मोकळा होत नाही, घासत राहतो.

कॅलिपर काढला. वरची पिन बोटाने सरकली, खालची जागची हलेना. तिची रबरी टोपी फाटलेली होती आणि आत ग्रीसच्या जागी वाळलेल्या काळ्या मातीचा गोळा. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गेलेल्या गाडीत वऱ्हाडची माती जाणार नाही तर काय!

काकांनी पिन काढून साफ केली, नवी टोपी बसवली, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. मग भावाच्या खिशातल्या 'एक्स्ट्रा' शिमा आणि क्लिपा आपापल्या जागी गेल्या. आवळाआवळ करताना काका म्हणाले, "पॅड बदलनं म्हंजे निरा पॅड बदलनं नसते भाऊ. पिन पाहनं असते."

आवाज बंद करणं आणि दोष काढणं

आता दुसऱ्या सल्ल्याकडे येऊ. पॅडला ग्रीस लावलं असतं तर काय झालं असतं? चूं नक्की थांबला असता. पण पॅडचा घर्षणांक साधारण ०.३५ ते ०.४५ असतो, म्हणून गाडी थांबते. ग्रीसने तोच मारला जातो. शिवाय पॅड सच्छिद्र असतो, तेलकट पदार्थ आत मुरतो, पुसून निघत नाही. असा पॅड फेकावाच लागतो. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला काहीही लावायचं नाही, हा नियम पाठ करा. ग्रीस लागतं ते पिनांना, आणि अगदी पातळसं पॅडच्या कानांना व पाठीला.

आणि पहिला सल्ला ऐकून, "जाईल दोनशे किलोमीटरने" म्हणत तसेच समृद्धीवर गेलो असतो तर? हिशोब करून पाहू. गाडी १००० किलोची धरा. ताशी ४० ला तिची गतिज ऊर्जा साधारण ६२ किलोज्यूल होते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झालेल्या या महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. तिथे तीच ऊर्जा ५५६ किलोज्यूल होते. वेग तिप्पट, ऊर्जा नऊपट! यातली सुमारे ७० टक्के पुढचे ब्रेक घेतात. दोन डिस्क मिळून १० किलो बीड धरलं तर एकदा थांबताना तापमान ७५ ते ८० अंशांनी चढतं. ही झाली निरोगी ब्रेकची गोष्ट. चिकटलेला पॅड तर ब्रेक न दाबताही सतत उष्णता ओतत असतो.

ही उष्णता पिस्टनमागच्या ब्रेक ऑइलमध्ये जाते. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाणित किमान मर्यादा १४० अंश आहे (डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५). ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. तेव्हा कोणताही आवाज येत नाही. म्हणून म्हणतो, आवाज थांबला म्हणजे दोष गेला, असं समजू नका.

स्वतः पॅड बदलणार असाल तर

जागा सपाट असावी. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, खाली स्टँड द्या. एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे.

जुने पॅड काढल्याबरोबर त्यांवर डावा-उजवा, आत-बाहेर असं लिहा आणि मोजा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, तीही पाहा. पिस्टन आत ढकलताना सावकाश ढकला आणि वर ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष ठेवा. ते ओसंडून रंगावर पडलं तर रंग उतरतो. कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने, समोरासमोर असे आळीपाळीने आवळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं! गाडी सुरू करून हलवण्याआधी ब्रेक पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले काही दाब रिकामेच जातात. हे विसरलं तर गाडी थेट समोरच्या भिंतीत.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० वर, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी मध्ये थोडं चालवून ब्रेक निवू द्यायचे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही. यानेच तो पातळ थर डिस्कवर सारखा बसतो.

शेवट

तिसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता रिकामा असताना, आम्ही हे सगळं केलं. पहिल्या चार ब्रेकला बारीकसा चूं आला, मग विरत गेला. पाच किलोमीटर चालवून दोन्ही चाकांजवळ हात नेला, धग सारखीच. जॅकवर दोन्ही चाकं सारखीच फिरली. मिस्त्रीकाकांनी स्वतः एक फेरी मारली आणि काही न बोलता किल्ली बाबांच्या हातात दिली.

बाबांनी मात्र मला विचारलं, "आता सांग, आजीले बसवू का?"

व्हायव्हाला एवढी भीती कधी वाटली नव्हती. तिथे चुकलं तर मार्क जातात. मी आवाज गेला असं म्हटलंच नाही. पिन का अडकली होती, आता कशी सरकते, दोन्ही चाकं किती तापतात, एवढंच सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि मागचं दार उघडलं.

आजी सेवाग्राम येईपर्यंत झोपली होती.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी